चाळीस शब्दांत

दर तिमाहीला पाच तारखेच्या आत
केंद्रवार्ता माझ्या टेबलावरून निघायला हवी.
नियम सरांनीच घालून दिलेत :
माणशी चाळीस शब्द, एक पासपोर्ट फोटो,
विशेषणं नकोत.

तर या वेळी
डॉ. मृण्मयी खांबेटे यांना पेटंट मिळालं, साडेचार वर्षांनी.
(फाइल कुठे अडली होती ते मला ठाऊक आहे.
ते शब्दमर्यादेत बसत नाही.)
सुजय येवलेकर ओसाकाच्या परिषदेत बोलून आला.
पूर्वा धिवार पीएच.डी. झाली;
तोंडी परीक्षेच्या दिवशी तिची आई
सुतारवाडीहून डबा घेऊन आली
आणि तीन तास बाकावर, यंत्रमानवासमोर बसली.
एकदाच तिनं विचारलं, हा जेवतो का काही?
कुणीतरी म्हणालं, चार्ज होतो.
म्हणाली, बरंय बाई त्याचं.
हेही बसत नाही.

पुढचं नाव. नौशाद तांबोळी, फिटर, कार्यशाळा.
नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त. शुभेच्छा.
आठ शब्द झाले.
बत्तीस शिल्लक.

मी शिल्लक बघत बसले.

पेटंट ज्या हाताचं आहे
तो हात डाळिंबाचा दाणा उचलतो, न फोडता.
पहिली दोन वर्षं नुसता फोडायचा.
टेबलभर लाल, प्रयोगशाळेला मुंग्या,
दुधाणे मावशी फडकं पिळत म्हणायच्या
किलोकिलोनं आणताय, कोशिंबीर तरी करू द्या.
पडद्यावर आलेख चढायचे, उतरायचे.
बुधवार पेठेतली मोटर लावून पाहिली,
जपानची लावून पाहिली,
दोन्ही सारख्याच आडदांड.

एका दुपारी तांबोळी वर आले, हातात कटिंग.
त्यांच्या उजव्या हाताची दोन पेरं
भोसरीच्या एका प्रेसमध्ये राहिलीत,
एकविसाव्या वर्षापासून.
बराच वेळ पाहिलं त्यांनी. चहा गार.
मग म्हणाले, मॅडम, तुम्ही याला धरायला शिकवताय.
आधी घाबरायला शिकवा.
धरणं काय, येतं मागून.

खांबेटे मॅडम हसल्या नाहीत.
स्वतःची खुर्ची ओढून दिली त्यांना,
आणि वही उघडली.

पुढं निबंधात त्याचं नाव झालं
अनुकूली स्पर्श-उंबरठा.
मॅडमनी पाचवं नाव तांबोळींचं घातलं होतं.
संपादकांचं पत्र आलं : यांची पदवी? यांचा ईमेल?
तांबोळी म्हणाले, ईमेल पोरगी बघते,
तिची बारावी आहे, राहू द्या.
राहिलं.

मी लिहिलं, मोजलं, खोडलं,
पुन्हा मोजलं.
एकोणतीस वर्षं. रुजू दिनांक १६ ऑगस्ट.
आपल्या हाताला घाबरायला त्यांनी शिकवलं.

सर म्हणाले, हे कसलं वाक्य?
संवेदनशील वगैरे काहीतरी घाला.
मी म्हटलं, सर, ते विशेषण आहे.
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
पुन्हा पुसला,
सही केली.

छापील अंक घेऊन खाली गेले
तेव्हा तांबोळी लॉकर रिकामा करत होते :
व्हर्नियर, एक जुना रुमाल, ग्रीसचा डबा,
डाळिंबाचं वाळलेलं बोंड, कशासाठी कोण जाणे.
उभ्यानंच वाचलं, ओठ हलवत,
अर्ध्या बोटानं ओळ धरून.
मी वाट बघत होते.

तारीख चुकलीय, म्हणाले.
सोळा नाही, सतरा.

सेवापुस्तकात सोळाच आहे, काका.

असेल. सोळाला मी आलो होतो,
पण साहेब रजेवर. दिवसभर गेटवर बसलो.
घेतलं सतराला.

एकशे वीस प्रती आहेत.
आज साडेपाचनंतर थांबून
एकेक उघडते आहे.
सहाचा सात नुसत्या एका फटकाऱ्यानं होत नाही,
आधी सहा नीट बुजवावा लागतो.